पाळी गेली, थकवा का राहिला?

मुलीला पाळी आली की आमच्या घरांमध्ये दबक्या आवाजात का होईना, पण बोलणं होतं. आई शिकवते, फूफी सांगते. कोणत्या दिवसांत नमाज माफ, सुटलेले रोजे कजा कसे करायचे, गुस्ल कधी करायचं, सगळं समजावलं जातं. तीच पाळी तीस-पस्तीस वर्षांनी जाते तेव्हा मात्र कोणी काही सांगत नाही. ती नुसती थांबते, आणि बाई "आता थकली" म्हटली जाते.

माझी शेवटची पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी आली. त्याला दोन वर्षं झाली. त्याआधीची तीन वर्षं आणि नंतरची ही दोन, या पाच वर्षांत मी जे भोगलं, वाचलं आणि करून पाहिलं ते लिहून ठेवते आहे. अक्कलकुव्यात माझ्या वयाच्या बायका लग्नात भेटोत, मय्यतीला भेटोत की शाळेच्या स्टाफरूममध्ये भेटोत, पाच मिनिटांत बोलणं थकव्यावर येतं. आणि प्रत्येकीच्या पिशवीत कुठली ना कुठली पावडर असते.

आधी शब्दांचं बघू. मराठीत रजोनिवृत्ती म्हणतात. इंग्रजीतला मेनोपॉज हा शब्द ज्यावरून आला तो फ्रेंच शब्द शार्ल द गार्दान या डॉक्टरांनी १८२१ साली वापरात आणला. आपल्या फिकहच्या किताबांत मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शब्द आहे, इयास. म्हणजे पाळीची आशा सुटणं. सूरह तलाकमध्ये अशा स्त्रियांच्या इद्दतीचा वेगळा हुकूमच आहे, तीन महिन्यांचा. ज्या गोष्टीचा उल्लेख कुरआनात उघडपणे आला, ती आपल्या घरात सासू-सुनेला एकमेकींशी बोलायला लाज कशाची वाटते, हे मला आजवर कळलेलं नाही.

डॉक्टरी हिशेब सोपा आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. युरोप-अमेरिकेत त्याचं सरासरी वय ५१ आहे, आपल्याकडे ४६-४७च्या आसपास. चाळिशीच्या आतच पाळी गेली तर ते लवकर झालं असं धरून डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ज्यांची गर्भाशयाची पिशवी काढली आहे त्यांचं वेगळं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोश काम करत राहतात. बीजांडकोशही काढले तर एका दिवसात हे सगळं अंगावर येऊन आदळतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ साली उघडकीस आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या तालुक्यातूनही कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हणून ती बातमी मला दूरची वाटली नव्हती. तिशीत पिशवी काढलेली बाई चाळिशीत का थकते, याचं उत्तर कधी कधी तिथं असतं.

अक्कलकुव्यात राहणाऱ्या बाईला अंगातून वाफा निघतात हे लवकर उमगत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं सगळ्यांच्याच अंगातून निघतात. मला उमगलं ते डिसेंबरात. वर सातपुड्यात डाबला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येत होत्या, घरातले सगळे रजईत गुडूप, आणि मी पहाटे तीन वाजता रजई लाथाडून खिडकी उघडत होते. छातीपासून सुरू होऊन मान, कान, डोकं तापत जायचं, घामानं गळा ओला व्हायचा आणि चार-पाच मिनिटांत त्याच घामानं हुडहुडी भरायची.

असं का होतं ते वाचल्यावर माझी भीती बरीच कमी झाली. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, हायपोथॅलॅमस. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की ती जागा हळवी होते. तापमान जरासं वाढलं तरी तिला वाटतं, फार तापलं. मग ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करते, घाम सोडते, छाती धडधडवते. घरातला फ्रीज चांगला असतो, फक्त त्याचं बटण बिघडतं, तसं. अमेरिकेत हजारो बायकांची वर्षानुवर्षं जी पाहणी झाली, तिच्यात निम्म्याहून जास्त जणींना हा त्रास सात वर्षांपेक्षा अधिक काळ होत होता. म्हणजे "चार दिवसांत जाईल" म्हणून दात आवळून काढायची ही गोष्ट नाही.

रात्री तीन-चारदा असं झालं की झोपेचे तुकडे होतात. तुकड्यांची झोप सहा तास झाली तरी ती पुरत नाही. सकाळी उठताना अंग दगडासारखं. वर्गात फळ्यापाशी उभं राहिल्यावर रोजचा शब्द आठवत नाही. गुडघे आणि बोटांचे सांधे धरतात. लहानशा गोष्टीवर डोळे भरतात, त्याहून लहान गोष्टीवर राग येतो.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, त्यांच्या त्या वयात याच रागावर ताईत बांधला होता. त्या रात्री उठून ओट्यावर जाऊन बसायच्या, पदरानं वारा घ्यायच्या, कोणी हाक मारली तर अंगावर जायच्या. घरच्यांनी ठरवलं की कशाचं तरी सावट आहे. मी माझ्या खिडकीचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी हे बोलून दाखवलं. म्हणाल्या, "बेटा, मेरे को तो कोई पूछाच नहीं के गर्मी होती क्या." तीस वर्षं त्यांनीही मानलं होतं की आपल्यावर सावट होतं.

आता थकव्याचं. मला जे उपाय सुचवले गेले त्यांची यादी मोठी आहे. नणंदेनं मेथीचे लाडू आणि अळीव सांगितले. शेजारच्या आपांनी हिजामा. मोबाइलवर शतावरी आणि अश्वगंधाच्या गोळ्या दिसायला लागल्या. एका डॉक्टरांनी मला न तपासताच सांगितलं, "या वयात हे होतंच." या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान होती. थकव्याचं कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं, वय.

मी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. बाईचं ते किमान १२ असावं लागतं.

कारण माझ्यासमोरच होतं. पाळी जाण्याआधी ती शहाण्यासारखी हळूहळू कमी होत जाते असा आपला समज असतो. पुष्कळ जणींच्या बाबतीत उलटं होतं. दोन महिने काहीच नाही, मग दहा-बारा दिवस नळ सुटल्यासारखं. त्यात शरीरातलं लोह वाहून जातं. लोह कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्तातून पोहोचणारा प्राणवायू कमी, म्हणजे जिना चढताना धाप आणि दुपारी दोनलाच डोळ्यांवर झापड. माझा निम्मा थकवा रजोनिवृत्तीचा नव्हताच, तो ॲनिमियाचा होता. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पिशवीत काही गाठ नाही ना ते पाहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ वर आलं. कोणतीही पावडर न घेता मी पुन्हा शाळेचा जिना न थांबता चढू लागले.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे. नैसर्गिक उपाय करायचे तर जरूर करा, पण कशावर करतोय ते आधी कळू द्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, जीवनसत्त्व बी-१२ आणि ड, एवढं तपासून घ्या. थायरॉइड मंद झालं की थकवा येतो, वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते. ऐकायला सगळी लक्षणं रजोनिवृत्तीचीच वाटतात. त्यावर मेथीच्या लाडवांचा काही उपयोग नाही, आणि एक छोटी गोळी रोज घेतली तर बाई पूर्ववत होते.

आमच्या भागात अजून एक तपासणी महत्त्वाची आहे, सिकलसेलची. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी देशभरात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि तिनं २०४७चं उद्दिष्ट ठेवलं आहे. देवगोई घाट उतरून मोलगीकडून येणारी माझी एक सहकारी वर्षानुवर्षं थकायची, अंग ठणकायचं. तिलाही "वय झालं" हेच ऐकवलं जात होतं, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. तपासणीत सिकलसेल निघाला. अशा बाईला लोह कमी आहे का ते न पाहता लोहाच्या गोळ्या देत राहणंही बरं नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, तिला बोटभर रक्त पुरतं.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "शेवटची पाळी कधी आली? किती दिवस चालली?" या प्रश्नाला आपल्या बायका इतर कोणाहीपेक्षा चांगलं उत्तर देऊ शकतात, कारण आपल्याला नमाज आणि रोज्यांसाठी दिवस मोजावेच लागतात. हनफी मसलकात हैजचे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस धरतात, दोन पाळ्यांमध्ये किमान पंधरा दिवसांची पाकी. दहाच्या पुढचा रक्तस्राव इस्तिहाजा, त्यात नमाज माफ नाही. अनियमित पाळीच्या काळात आपण हे मोजत बसतो आणि आलिमांना विचारतो. ते विचारावंच. पण तीच वही डॉक्टरांनाही दाखवावी. रक्त दहा दिवसांच्या पुढे गेलं, किंवा पंधरा दिवसांच्या आत परत आलं, तर तो नमाजचा मसला आहे तसाच तब्येतीचाही आहे. माझ्या वहीत नमाजसाठी लिहिलेल्या तारखा होत्या. डॉक्टरांनी त्या पाहूनच सोनोग्राफी सांगितली.

आता नैसर्गिक उपायांकडे येऊ. आमच्या गावात युनानी वैद्यकाचं महाविद्यालय आहे, त्यामुळे मिजाज, गिजा हे शब्द इथल्या घरांना परके नाहीत. युनानी वैद्यकात उपचारांचे प्रकार सांगितले आहेत: इलाज बित तदबीर म्हणजे राहणीत बदल, इलाज बिल गिजा म्हणजे आहार, इलाज बिद दवा म्हणजे औषध, आणि इलाज बिल यद म्हणजे शस्त्रक्रिया. तब्येत टिकण्यासाठी सहा गोष्टी अटळ मानल्या आहेत, अस्बाब-ए-सित्ता जरूरिया: हवा, खाणं-पिणं, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, शरीरातून बाहेर टाकणं आणि धरून ठेवणं. इब्न सिनांच्या अल-कानूनमध्येही आरोग्याचा विचार याच गोष्टींना धरून आहे. मी वैद्य नाही. पण ही सहा नावं कागदावर लिहून समोर आपला दिवस मांडला, तेव्हा काय चुकतंय ते मला लख्ख दिसलं. पावडर या सहांत कुठंच नव्हती.

खाण्यापासून सुरुवात केली. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. मटण शिजतं तेव्हा बोटी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते, तिच्या वाट्याला रस्सा आणि हाडाला चिकटलेलं काही. रश्श्यात चव असते, प्रथिनं आणि लोह बोटीत असतं. मी माझं ताट आधी वाढून बाजूला ठेवायला लागले. पहिल्या दिवशी मला अपराध्यासारखं वाटलं, बाकी कोणाला काही वाटलंच नाही. रोज एक अंडं, दोन्ही वेळा डाळ किंवा कडधान्य, ज्वारी-बाजरीची भाकरी. आठवड्यातून दोनदा नागलीची भाकरी, कारण शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात. सोबत तिळाची चटणी. पालेभाजीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, म्हणून लिंबू किंवा आवळा. आंबट म्हटलं की इथं आमचूर आठवतं. डोंगरातल्या बाया कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून ते करतात आणि उन्हाळ्यात खाली विकायला आणतात. पण वाळवताना क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, म्हणून लोहासाठी ताजं लिंबूच चांगलं. आणि जेवणावर लगेच चहा नाही, कारण चहा ते लोह अडवतो. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जड गेली.

ऊन हा यातला विचित्र भाग. अक्कलकुव्यात उन्हाला तोटा नाही, तरी माझं ड जीवनसत्त्व कमी निघालं. आपण घरात सावलीत आणि बाहेर अंगभर कपड्यात. कातडीला ऊन लागतच नाही. मी घराच्या गच्चीवर, जिथं कोणाची नजर नाही, तिथं सकाळी बाह्या वर करून धान्य निवडत बसते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही घेतल्या, कारण कमी झालेला साठा नुसत्या उन्हानं लवकर भरत नाही.

मग हालचाल आणि विश्रांती. मला वाटायचं, दिवसभर कामात असते, वेगळं चालायचं कशाला? पण स्वयंपाकघरात उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. फजरनंतर अर्धा तास सलग, जरा धाप लागेल असं चालते. हाडांना आणि स्नायूंना वजनाचाही व्यायाम लागतो, म्हणून दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते. यानं वाफा थांबल्या का? नाही. खरं तेच सांगते. पण झोप जरा गाढ झाली आणि गुडघे सुटले.

अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०२३ साली संप्रेरकांशिवायच्या उपायांचा लेखाजोखा काढला. त्यात वाफांसाठी उपयोगी ठरलेल्या गोष्टींमध्ये विचार-वर्तन उपचार, म्हणजे समुपदेशकाकडून शिकायची एक पद्धत, आणि जास्तीचं वजन कमी करणं आहे. सोयाबीनचे अर्क, औषधी वनस्पतींच्या गोळ्या, योगासनं, व्यायाम यांचा वाफांवर उपयोग होतो असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. व्यायाम आणि योग तब्येतीला चांगलेच आहेत, करावेतच. पण "पंधरा दिवसांत वाफा बंद" म्हणून जी डबी विकली जाते, तिच्यावर पैसे घालण्यापूर्वी एवढं माहीत असावं. अश्वगंधामुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे, आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं नसतं. धोतराही रानातच उगवतो.

वाफांसाठी मला स्वतःला उपयोगी पडलं ते अगदी साधं आहे. सुती कपडे, एकावर एक, म्हणजे एखादा काढता येईल असे. उशाशी पाणी आणि पंखा. संध्याकाळनंतर चहा नाही. आपल्याकडच्या लाल मिरचीच्या ठेच्यानं माझ्या वाफा वाढतात हे मी महिनाभर लिहून पाहिलं तेव्हा कळलं. नंदुरबारच्या मिरचीच्या मुलखात राहून रात्री ठेचा सोडणं काही सोपं नाही. पण रात्रीपुरता सोडला. तुमचं कारण दुसरं असेल. लिहून पाहिल्याशिवाय ते सापडत नाही.

सहांपैकी जी गोष्ट माझ्याकडे अजिबातच नव्हती, ती विश्रांती. आणि याचा विचार मला रमजाननं करायला लावला.

पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, रोजा पुढे ढकलला जातो. इबादतीतली ही सवलत अल्लाहनं दिलेली. आमच्या घरांत त्या दिवसांतही बाई सहरीला उठतेच, सगळ्यांचं करतेच आणि दिवसा घरातल्या मुलांना कळू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्यानं दोन घास खाते. तरी निदान दुपारी पाणी पिता यायचं, घटकाभर पडता यायचं. पाळी गेली आणि तीही सवलत गेली. पहिल्यांदाच महिन्याचे सगळे रोजे सलग माझ्या हाती आले, एकही कजा नाही. त्याचा आनंद मला किती झाला ते मीच जाणते. मुलीच्या वयापासून दरवर्षी सहा-सात रोजे मागे राहायचे आणि थंडीच्या दिवसांत एकटीनं पुरे करावे लागायचे. ते संपलं. पण त्याच महिन्यात रात्रीच्या वाफा, तरावीह, तीन वाजता सहरी आणि साडेदहाला शाळा. शरीरानं हिशेब मागितला.

हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं त्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी काही रोजे पुढे ढकलले होते आणि बरं वाटल्यावर पुरे केले. आजाऱ्याला ही मुभा सूरह बकरामध्ये आहे. तेव्हा दोघी-तिघींनी विचारलं, "पाळीचं वय गेलं ना तुमचं, मग कशाला सोडले?" म्हणजे बाईला सवलत फक्त पाळीची, आजाराची नाही, असं आपणच आपल्या मनाशी धरून बसलो आहोत.

रोजे सलग होणार हे कळल्यावर मी घरात सगळ्यांना बसवून वाटणी केली. भाकरी-पोळ्या रात्रीच होतील. सहरीला चूल पेटवणं, अंडी उकडणं, चहा करणं नवऱ्याकडे. भांडी मुलाकडे. इफ्तारला भजी-समोसे रोज नाहीत, आठवड्यातून दोनदा. जुहरनंतर अर्धा तास माझं दार बंद. नवऱ्यानं पहिल्या दिवशी अंडी फोडली, दूध उतू घातलं. चौथ्या दिवसापासून बरं जमलं. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम घरकामात हात लावत, स्वतःचे कपडे-चपला दुरुस्त करत, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. घरी येऊन चहाचा कप जागेवर ठेवत नाही. माझ्या थकव्यावर लोहाच्या गोळीनंतर सगळ्यात जास्त गुण आला तो या वाटणीनं. ती बाजारात मिळत नाही, तिला पैसे पडत नाहीत, आणि तिच्याइतका नैसर्गिक उपाय मला दुसरा माहीत नाही.

हे सगळं करूनही काही जणींचं भागत नाही. त्यांनी कुढत बसू नये. संप्रेरकांची औषधं आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला आणि जगभर त्या औषधांचा वापर झपाट्यानं घटला. पुढे त्याच आकड्यांचा वयानुसार विचार झाला. आता तज्ज्ञांचं मत असं आहे की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, इतर धोका नसलेल्या आणि त्रास जास्त असलेल्या बायकांना बहुधा त्यांचा फायदा नुकसानीपेक्षा अधिक होतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झाला आहे त्यांनी ती घेऊ नयेत. संप्रेरकांशिवायच्या गोळ्याही आहेत. लघवीची आग आणि नवऱ्याजवळ जाताना होणारा कोरडेपणाचा त्रास याबद्दल तर कोणी बोलतच नाही, त्यालाही साधं मलम मिळतं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारा, विचारताना लाजू नका.

आणि एक गोष्ट घरी थांबून बघत बसण्याची मुळीच नाही. पाळी जाऊन बारा महिने झाल्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तो "परत आली वाटतं" म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण कधी ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असतं, आणि सुरुवातीला सापडला तर तो बरा होतो. त्यावर लाडू, काढा, ताईत काही नको. त्याच आठवड्यात दवाखाना. तसंच छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, किंवा आठवडेच्या आठवडे जगावंसं न वाटणं, हे रजोनिवृत्तीच्या नावावर खपवू नका.

पाळी जाणं हा निसर्ग आहे. त्याच्याशी भांडण नाही. पण बाईनं थकलेलंच असायचं हा काही निसर्गाचा नियम नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी पाळी गेलेली आणि पंच्याहत्तर वर्षं जगणारी बाई अठ्ठावीस वर्षं पाळीशिवाय जगते. जवळजवळ जितकी वर्षं पाळी होती तितकीच. एवढा मोठा काळ "आता काय राहिलंय" म्हणून काढायचा का?

हे वाचणाऱ्या भावांना एक विनंती. घरातली बाई "थकले" म्हणाली तर "वय झालं" म्हणू नका. तिचं हिमोग्लोबिन किती आहे ते तुम्हाला माहीत आहे का, हे स्वतःला विचारा. माहीत नसेल तर या आठवड्यात तिला घेऊन जा. आणि बहिणींनो, आज रात्री ताट वाढाल तेव्हा स्वतःचं आधी वाढून बाजूला ठेवा. त्यात बोटी असू द्या.